छत्रीवाला

मालेच्या एसटी थांब्यावर तो दर गुरुवारी येशूच्या पुस्तिका वाटायचा. प्रत्येक पुस्तिका बाहीला पुसून पुढे करायचा आणि कुणी नको म्हटलं की “बरं” म्हणून झोळीत ठेवायचा. येशूला मानलं की मेल्यावर स्वर्ग, असं सांगायचा. मला रागच यायचा. मेल्यावरचं ह्याला काय ठाऊक?

माझ्या चुलत्याच्या दहाव्याला तो नदीकाठी येऊन लांब, उन्हात काळी छत्री उघडून बसला. पिंडाला कावळा शिवेना. “तुमच्या शेळ्या इकणार न्हाई,” असा शब्द चुलतभावानं दिला, तरी शिवेना. चुलती रडकुंडीला आली. मग तिला तो दिसला.

“ओ पुस्तकवाले, छत्री मिटा! कावळं बुजत्यात.”

त्यानं झटकन छत्री मिटली. थोड्या वेळानं कावळा उतरला. सगळ्यात आधी हात जोडले ते त्यानंच.

मी विचारलं, “तुमचा कुटं इश्वास हाय ह्याच्यावर?”

“नाही,” तो म्हणाला. “पण त्या बाई सकाळपासून उपाशी होत्या.”

चुलतीनं पुस्तिका काही घेतली नाही. त्याला पंगतीत बसवून म्हणाली, “माझ्या दहाव्याला बी या. फकस्त छत्री आणू नका.”