गिरडच्या गोऱ्ह्याचं ऑपरेशन

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच, आणि ते कॉलेजही जनावरांच्या डॉक्टरकीचं. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

शेवटच्या वर्षी ट्रेनिंगसाठी मी समुद्रपूरच्या दवाखान्यात होतो. टेबलावर गिरडच्या वामनकाकांचा लहानसा गोऱ्हा उताणा बांधलेला. त्याला बेंबीचा हर्निया होता. म्हणजे बेंबीपाशी पोटाच्या भिंतीला भोक राहिलेलं आणि त्यातून आतडं कातडीखाली उतरलेलं. लिंबाएवढी गाठ नारळाएवढी झाली होती. आतडं त्यात अडकलं, तर जनावर हातचं जातं.

दवाखान्याचे डॉक्टरसाहेब भुलीची सुई भरणार, तोच गोऱ्ह्याचं पोट फुगू लागलं. तोंडातून पांढरं काहीतरी आलं.

"सोडा! उभा करा त्याला!" साहेब ओरडले. "वामनराव, उपाशी ठेवायला सांगितलं होतं ना?"

"ठेवला न साहेब. कालपासून काडी नाई टाकली."

मी गोऱ्ह्याचं तोंड पुसलं. कापसाला भाताची शितं लागली. सगळ्यांनी वामनकाकांसोबत आलेल्या काकूंकडे पाहिलं.

"मी चारला दहीभात," काकू म्हणाल्या. "लेकरू परगावी जाऊन राह्यलं. उपाशी काऊन पाठवू?"

"अवं, तुले सांगतलं नोतं का?" काका चिडले.

"चारा टाकू नको म्हणलं तुमी. दहीभात का चारा असते?"

साहेबांना हसू आलं, पण ऑपरेशन थांबवलं. भरल्या पोटी उताणं केलं, तर अन्न उलटून श्वासनळीत जातं.

"उद्या आणा," साहेब म्हणाले.

काका हलेनात. "घरी नेला तं आमचा बुढा बाप गाठीवर डागते त्याले. सळई तापवूनच बसला हाय."

त्या गाठीत आतडं. वर तापलेली सळई. साहेबांनी गोऱ्हा दवाखान्यातच बांधून घेतला. काकूही त्याच्याजवळ बसल्या. मी चहा नेला.

"त्याले देता का?"

"नाही, काकू."

"मंग मले बी नको."

सकाळी ऑपरेशन झालं. साहेबांनी आतडं आत सारलं, भोक जाड दोऱ्यानं शिवत आणलं आणि शेवटच्या गाठी मला मारायला दिल्या.

"घट्ट ओढ. सैल राहिली, तर सगळं पुन्हा बाहेर येईल."

मी सगळा जोर लावून ओढल्या. काकूंच्या दहीभातावरून मात्र एक शिकलो : सूचना जनावराच्या मालकाला देऊ नये, त्याला घास भरवणाऱ्या हाताला द्यावी.

टाके सुकण्याआधीच माझं ट्रेनिंग संपलं. माझ्या गाठी टिकल्या की नाही, हा प्रश्न मनात घेऊन मी नागपूरला परतलो. नोकरी लागल्यावर, बऱ्याच वर्षांनी, समुद्रपूरच्या एसटी स्टँडवर वामनकाका भेटले. लंगडत होते. मी भीतभीतच गोऱ्ह्याचं विचारलं.

"त्याले का धाड भरली? पहिल्यांदा जुंपला तं बंडी घेऊन नाल्यात घुसला. चाक मोडलं, माह्यं ढोपर फुटलं. त्याच्या पोटाले मात्र काई झालं नाई, डाक्टर."