ज्वारीच्या दोन पिशव्या

सोलापुरातून निघालं की तासाभराच्या आत माळरान लागतं. तिथं काळवीट हमखास दिसतात, आणि नशीब असेल तर लांडगा. आमच्या भिंतीवर काळवीट आहेत, ससाणा आहे, खोकडसुद्धा आहे. लांडग्याचा खिळा तेवढा रिकामा. फोटो मिळायच्या आधीच आमच्या ह्यांनी तो ठोकून ठेवला होता. फोटो काही मिळाला नाही. दोन वर्षांपूर्वी हे गेले, आणि कॅमेरा मी उचलला. मला फक्त लांडगा हवाय, बाकी काही नको.

शिकवलं ते ह्यांनीच. ऊन पाठीवर घ्यायचं, कॅमेरा जनावराच्या डोळ्याच्या उंचीला आणायचा, आणि ते आपल्याकडे बघेपर्यंत बटण दाबायचं नाही. "अगं, डोळा आला तर फोटो आला," म्हणायचे. हात हलू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या दोन पिशव्या मी शिवल्या, आत ज्वारी भरली. जीपच्या कठड्यावर पिशवी ठेवायची आणि वर कॅमेरा टेकवायचा. एक त्यांची, एक माझी. अजून दोन्ही नेते. का, ते विचारू नका.

त्या सकाळी लांडगा आला की. गवतातून, मान खाली घालून, निवांत. पलीकडं मेंढरं चरत होती, तिकडंच निघाला होता. ऊन पाठीशी, कॅमेरा टेकलेला, सगळं जमून आलेलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "हाऽऽ! हाऽऽऽ!" मी मेंढपाळाघरची लेक. लांडगा दिसला की ओरडायचं, लहानपणापासून एवढंच ठाऊक. पोटातून आलं ते, मी कुठं विचार केला होता.

जीपवाला मागं वळून म्हणाला, "आज्जी, तुमची मेंढरं हायती व्हय ती?"

लांडगा मात्र पळाला नाही. थांबला, वळला, आणि सरळ माझ्याकडं बघत उभा राहिला. पिवळे डोळे. ह्यांना हवा होता अगदी तसाच. आणि मी काय करावं? "अहो, बघा," म्हणत शेजारी वळले.

शेजारच्या सीटवर त्यांची ज्वारीची पिशवी होती.

परत पाहिलं तर नुसतं गवत. जीपवाल्यानं बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

खिळा तसाच आहे. पुढच्या खेपेला एकच पिशवी न्यायची, असं ठरवलंय. जमेल असं वाटत नाही.