भिंगरी आणि आत्याची सही

९ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी गार वारा. इस्त्रीचे कपडे आले. एक उशीचा अभ्रा आपला नाही, परत दिला. जिन्यातला दिवा पुन्हा गेला. वन्संचा फोन: संध्याकाळी येते. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. भिंगरी जेवली नाही.

जेवणानंतर एवढं लिहून आईने वही मिटली. कारण विचारलं नसलं तरी ते तिला ठाऊक होतं. नवऱ्याची बहीण आपण होऊन या घराची पायरी चढते म्हणजे ती चांगलं सांगायला येत नाही. नवरा गेल्यापासून दोघींचं बोलणं दारातल्या दारातच व्हायचं. वन्सं हॉस्पिटलच्या आहार विभागाच्या प्रमुख. भाऊ त्यांच्याच हॉस्पिटलात हृदयाच्या दुखण्याने पडून होता, तेव्हा त्यांनी त्याच्या जेवणाला मिठाचा कण लागू दिला नव्हता. तो एका चिमटीसाठी गयावया करायचा. जाणाऱ्या माणसाच्या जिभेशी कसलं वैर, असं आईला तेव्हाच विचारायचं होतं. विचारलं नाही, आणि ते वाक्य इतकी वर्षं तिच्या घशात रुतून बसलं.

आणि नेमकं त्याच बाईच्या हातात आता पोरीचं भवितव्य होतं.

पोरगी लहानपणी उभ्याने जेवायची आणि येरझाऱ्या घालत पाढे म्हणायची. दुकानात पाठवली तर जाताना लंगडी घालत जायची, येताना उलटी चालत यायची. भिंगरी हे नाव वडिलांनी पाडलं आणि ते चिकटलं. शाळेत ती आठशे मीटर धावायची. कपाटावर कप जमले, आणि कॉलेजात गुडघ्याने दगा दिला. मग काही वर्षं ती जिममध्ये लोकांना घाम गाळायला लावत राहिली. तिथे जो येई तो विचारी, मग मी खाऊ काय? आधी ती काहीबाही ठोकून द्यायची. पुढे तिलाच त्याची लाज वाटू लागली, आणि तिशीला टेकल्यावर ती पुन्हा वर्गात जाऊन बसली. पोषणशास्त्र आणि व्यायामशास्त्र असं जोडीचं एम.एस्सी. होतं. पास होऊन नोंदणीची परीक्षा दिली की डाएटिशियन.

सकाळी पथ्याच्या स्वयंपाकघरात चमचाभर तेलही काट्यावर तोलायचं आणि दुपारी प्रयोगशाळेत कोणाच्या तरी तोंडावर मास्क चढवून त्याला ट्रेडमिलवर पळवायचं. मग कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब काढायचा. आईचीही त्यातून सुटका नव्हती. नुसतं पडून राहिल्यावर शरीर किती शक्ती जाळतं ते मोजायला भिंगरीने तिला एकदा उपाशीपोटी नेलं आणि प्लास्टिकच्या घुमटाखाली निजवलं. मी गेल्यावर कशी दिसेन त्याची रंगीत तालीम चाललीय का, असं आईने आतून विचारलं, तर वरून उत्तर आलं, "बोलू नकोस गं, आकडा वाढतो."

वर्गात दोन तट होते, सूपवाले आणि घामवाले. सूपवाल्यांच्या मते घामवाल्यांना आजारी माणूस कळत नव्हता. घामवाल्यांच्या मते सूपवाल्यांना धडधाकट माणूस माहीतच नव्हता. भिंगरी अर्थातच घामवाल्यांत. शेवटच्या वर्षी सगळ्यांना हॉस्पिटलात काही महिने काम करायचं होतं. तिथल्या प्रमुखाने सही केली तरच नोंदणीच्या परीक्षेला बसता येई. सही नसेल तर दोन वर्षांचा अभ्यास पाण्यात. भिंगरीच्या वाट्याला आत्याचं हॉस्पिटल आलं.

पहिल्याच दिवशी आत्याने सगळ्यांदेखत बजावलं की इथे आत्याबित्या काही नाही, मॅडम म्हणायचं. या जोडीच्या अभ्यासक्रमाबद्दलचं तिचं मतही तिने लपवलं नाही: यातून अर्धी स्वयंपाकीण आणि अर्धी ड्रिलमास्तरीण बाहेर पडते, आणि दोन्ही अर्ध्या कच्च्या. तिची एक रीत होती. जेवणाचे ट्रे वॉर्डात जाण्याआधी ती ट्रॉलीपाशी उभी राहून प्रत्येक ताटाचं झाकण उचलायची, कार्ड वाचायची, आणि ज्याचं ताट त्याचा चेहरा आठवेपर्यंत ट्रे सोडायची नाही. जेवण निवायचं, वॉर्डबॉय कुरकुरायचे. भिंगरी घरी येऊन तिची नक्कल करायची. पातेल्यावरचं झाकण दोन बोटांनी उचलायची, नाक मुरडायची, डोळे बारीक करायची. आई पोट धरून हसायची. त्या घरात वन्संवर हसणं हा पौष्टिक आहारच होता.

शुक्रवारी मात्र भिंगरी न बोलता येऊन निजली. काय झालं ते तिने रविवारी सांगितलं.

तिच्याकडे एक उतारवयाचा रुग्ण दिला होता, एके काळचा वेटलिफ्टर. घशाच्या दुखण्याने कित्येक आठवडे पाण्यावर आणि पातळ चहावर काढलेला. आता गिळता येऊ लागलं होतं. भिंगरीने त्याचे खांदे पाहिले. वजन पाहिलं, तेही बऱ्यापैकी होतं. इतक्या दिवसांनी एक खेळाडू भेटला म्हणून ती हरखली. झिजलेले स्नायू भरून काढायचे, असं ठरवून तिने पहिल्याच सकाळपासून भरगच्च ताट लिहिलं आणि वर रबरी पट्ट्यांचा व्यायाम. पांघरुणाखाली त्याचे पाय सुजून खांब झाले होते. काट्यावर दिसलेलं बरंचसं वजन त्या सुजेच्या पाण्याचं होतं. उपाशी शरीराला एकदम पोटभर घातलं की रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदय अडखळतं, हे तिला तोंडपाठ होतं. परीक्षेत याच प्रश्नाला तिला सर्वांत जास्त गुण पडले होते. पण ते उपाशी माणसांबद्दल होतं, आणि तिला समोर पैलवान दिसत होता.

सकाळी आत्या मीटिंगला गेली होती, त्यामुळे नाश्ता तसाच वर गेला. दुपारी आत्याने झाकण उचललं, कार्ड वाचलं आणि ती ट्रे हातात घेऊनच वॉर्डाकडे पळत सुटली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीला तारा लावल्या. दोन दिवस धाकधूक होती. माणूस वाचला.

शनिवारी कॉलेजातल्या बाईंचा फोन आला होता. झालं ते झालं, म्हणाल्या, दुसऱ्या हॉस्पिटलात सोय करू, उरलेले दिवस तिथे भरा, तिथले प्रमुख सहीला अडवत नाहीत. भिंगरीने विचार करून सांगते म्हटलं. हे रविवारी कळल्यापासून विचार कसला करतेस, असं म्हणून आई तिच्या मागे लागली होती.

संध्याकाळी वन्सं आल्या त्या पंख्याखालच्या खुर्चीत ताठ बसल्या. आईने चहा केला आणि त्यांना न विचारता साखर घातली. भिंगरी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसली.

"तुमच्यासमोर सांगायला आले, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "उद्या मी सूड उगवला असं कानावर यायला नको. मी सही करणार नाही. वॉर्डातलं काम पहिल्यापासून करायचं, सगळं."

"राहू दे तुमची सही. तिची दुसरीकडे सोय झालीय."

"तिथे झाकण कोण उचलतं?"

आई हे ऐकायचीच वाट पाहत होती. "झाकणं उचलण्यात तुमचा हात कोण धरणार, वन्सं. सख्ख्या भावाच्या ताटाचंही उचललंत. चिमूटभर मिठासाठी रडत गेला तो. ते कुठल्या पुस्तकात बसतं?"

वन्संनी कप खाली ठेवला. "मीठ दिलं असतं तर छातीत पाणी भरून बुडाल्यासारखा गेला असता. रडत गेला, पण श्वास घेत गेला. तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही नुसतं तोंड फिरवलंत. आणि सांगितलं असतं तरी तुम्हाला पटलं नसतं."

खरंच पटलं नसतं. आताही पटलं म्हणून आईचा राग तसूभर उतरला नाही, उलट तो ठेवायला जागा उरली नाही म्हणून जास्तच पेटला. ती आणखी काही बोलणार, तोच दाराशी आवाज आला.

"मी पांघरूण उचललं नाही, आई."

"तू गप्प बस."

"त्याचे खांदे आवडले मला, म्हणून पाय बघितले नाहीत. दुसरीकडे जाऊन सही आणली तरी मी न बघितलेलेच पाय ते. मी तिकडे जात नाही. आत्याकडेच राहते."

आत्या विरघळेल असं कोणाला वाटलं असलं तर ते चूक होतं. "उपकार करतेयस का माझ्यावर?" ती म्हणाली. "राहायचं तर नाश्त्याच्या ट्रॉलीपासून हजर राहायचं. झाकणं तू उचलायचीस, मी मागे उभी राहून बघेन. रडायचं असेल तर घरून रडून ये, तिथे वेळ नसतो. आणि सही मिळेलच असं समजू नकोस." मग तिने चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि उठता उठता भावजयीकडे वळली. "साखर फार आहे, वहिनी. तुमच्या वयाला झेपायची नाही."

दार लागल्यावर आई लेकीवर उलटली. त्या बाईसमोर माझं नाक कापलंस, दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर एक वेळ सोसलं असतं, पण पोटच्या पोरीने तिची बाजू घ्यावी? भिंगरी म्हणाली, मी बाजू कोणाचीच घेतली नाही, तो माणूस मेला असता. जेवताना भाजीचं भांडं इकडून तिकडे सरकलं ते न बोलताच. भिंगरीने मात्र बसून जेवण केलं, आणि पानात काही टाकलं नाही.

भांडी आवरल्यावर आईने वही उघडली. वन्संचं नाव लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते न सुचून तसंच सोडलं. खालच्या ओळीवर लिहिलं: दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून दूध उजाडायच्या आत हवं.