निळ्या पुस्तकातली बाई

मी आयुष्यात एकही पुस्तक पुरं वाचलेलं नाही. तरी पंचवटीतल्या एका वाचनालयात, शिकल्यासवरल्या बारा लोकांपुढं, मी एका पुस्तकावर वीस मिनिटं बोललो. त्यांनी मला थांबवलं नाही, ही चूक त्यांची.

माझं शिक्षण चौथी. पुढं मेथी, कोथिंबीर आणि शेपू. मखमलाबादच्या बाजूला आमचा दीड एकर मळा. बायको, सुमन, दहावी झालेली. म्हणून वाचायची ती आणि ऐकायचो मी. संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही बाजारासाठी जुड्या बांधायचो. म्हणजे मी बांधायचो. ती मांडीवर पुस्तक उघडून गोष्ट सांगायची. गोष्ट चांगली असली की जुड्या लवकर व्हायच्या, एवढं मला साहित्यातलं कळतं.

तिच्या पुस्तकांची एक गंमत होती. प्रत्येकात एक गाढव नवरा असायचाच. एका पुस्तकात तो सरदार होता. घाट उतरून आल्यावर त्यानं घोडे एकेक करून मोजले, सगळे भरले म्हणून खूश झाला, आणि बायको घाटावरच विसरली. दुसऱ्यात तो गलबतावरचा तांडेल होता. बायकोनं सणाला लुगडं मागितलं, तर यानं गलबताला नवं शीड आणलं. मी ऐकताना लय चिडायचो.

"असल्या माणसाला पायातलं काढून हाणलं पाहिजे."

"हो ना," ती म्हणायची. "तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी? मी असा वागलोच नसतो."

यावर ती पुस्तकात तोंड घालायची. खांदे हलायचे. मला वाटायचं, बारीक अक्षर असेल.

यंदाच्या थंडीत तिनं निळ्या कव्हरचं एक पुस्तक आणलं. वर बर्फाचा डोंगर. त्यातली गोष्ट अशी, की डोंगरातल्या एका वाटेवर नवरा-बायकोचं चहाचं दुकान. नवरा नेहमीसारखाच गाढव. तीस वर्षांत त्यानं बायकोला एकदाही विचारलं नाही, की बाई, तुला काय पाहिजे. एक दिवस ती बाई गाठोडं उचलते आणि काही न बोलता खिंड ओलांडून चालायला लागते.

माझी जुडी हातातच राहिली. "मग? परत येते का नाय?"

"उद्या सांगते. आज अंगात बरं नाही."

उद्या दवाखाना उजाडला. आठव्या दिवशी सुमन गेली. ती बाई राहिली तिकडं, खिंडीच्या पलीकडं.

लोक भेटायला यायचे, देवाच्या मनात होतं वगैरे बोलायचे. मी मान हलवायचो. माझ्या डोक्यात एकच भुंगा: ती परत आली का? घरात जीव लागेना. ओट्यावर बसलो की उठायचो, मळ्यात गेलो की घरी यायचो, घरी आलो की कशाला आलो ते आठवायचं नाही. मेथीला एकाच दिवशी तीनदा पाणी दिलं. (मेथी सडली. तो विषय वेगळा.) पुण्याहून मुलगा फोन करायचा.

"अण्णा, काय करताय?"

"उठतोय, बसतोय."

"इकडं या ना थोडे दिवस."

"तिकडं येऊन काय करू? तिथंही उठावं-बसावंच लागणार."

शेवटी चष्मा लावून मीच पुस्तक घेऊन बसलो. ओळीखाली बोट ठेवून, पुटपुटत, रोज दोन पानं. महिना गेला, साठ पानं झाली, नुसता बर्फ. एक माणूस चालतोय, दमतोय, बसतोय, परत चालतोय. अगदी माझ्यासारखा. दुकान काही येईना, बाई काही दिसेना. मला वाटलं, लेखक मुद्दाम लांबण लावतोय.

अशात पुष्पाताईंचा फोन आला. पुष्पाताई म्हणजे सुमनच्या वाचनकट्ट्यावरची मैत्रीण, शाळेतनं रिटायर झालेल्या बाई.

"भाऊ, वाचनालयाचं निळं पुस्तक तुमच्याकडं राहिलंय. शनिवारी चारला कट्टा आहे, तेव्हा घेऊन या. ज्यानं त्यानं सध्या काय वाचतोय ते सांगायचं असतं. तुम्ही नुसतं ऐकायला बसा."

"ते निळं तिथं सगळ्यांनी वाचलंय का?"

"सगळ्यांनी. सुमनच शेवटची होती."

मला तेवढंच पाहिजे होतं.

शनिवारी इस्त्रीचा पायजमा घातला, टोपी घातली, तासभर आधीच घरातून निघालो. वाचनालयाच्या माडीवर खुर्च्या गोल मांडलेल्या. मधोमध देशमुख सर, कॉलेजात शिकवलेले. पुष्पाताईंनी सांगितलं, हे सुमनचे मिस्टर. सगळ्यांनी हात जोडले. मग एकेक जण बोलायला लागला. एक गृहस्थ कवितांच्या पुस्तकाबद्दल बोलत होते आणि थांबायचं नाव घेत नव्हते. मी दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा देशमुख सरांनी विचारलं, "काका, काही हवंय का?"

"शेवट पाहिजे."

कवितावाले गृहस्थ लगेच बसले. (त्यांना वाटलं, त्यांनाच म्हणालो.)

"कशाचा शेवट?" सर म्हणाले.

मी पिशवीतून निळं पुस्तक काढलं.

"अरे वा, हे वाचताय? मग बोला की. काय वाटलं सांगा."

आता बोला म्हटल्यावर माणूस काय करील? मी उभा राहिलो आणि चहाच्या दुकानापासून सुरुवात केली. त्या नवऱ्याचं वर्णन आलं तशी माणसं हसायला लागली. मला चेव चढला. हा तर काहीच नाही म्हणालो, आणि घोडे मोजणारा सरदार सांगितला, शीड आणणारा तांडेल सांगितला. समोरच्या एक बाई डोळे पुसत होत्या हसून. मग मी परत खिंडीपाशी आलो आणि पुस्तक सरांच्या हातात दिलं.

"आता तुम्ही सांगा. ती बाई परत येते का?"

सरांनी पुस्तक उलटसुलट केलं.

"काका, हे प्रवासवर्णन आहे. एक माणूस एकटा हिमालयात हिंडतो. यात बाई नाही."

"नीट बघा."

"मी दोनदा वाचलंय. एक याक आहे. ती मादी असली तर असेल."

"आणि चहाचं दुकान?"

"चहा तो स्वतःच करतो."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे काय, माझी बायको खोटं सांगत होती का?"

पुष्पाताई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, एकदा तुम्ही त्र्यंबकहून येताना वाटेत थांबून टेम्पोतले भाजीचे कॅरेट मोजले होते ना?"

"मोजले. एकही कमी नव्हता."

"आणि सुमन?"

"ती देवळाच्या दारात राहिली होती. पण मी परत गेलो होतो की."

"आणि एका दिवाळीला साडीऐवजी?"

"ताडपत्री आणली. कांदा उघड्यावर पडला होता, भिजला असता तर..." आणि तिथं मला तांडेलाचं शीड आठवलं.

बाराच्या बारा माणसं माझ्याकडं टकामका बघत होती.

"म्हणजे ते भाजीवाले तुम्हीच?" देशमुख सर म्हणाले. "अहो, दर कट्ट्याला शेवटची दहा मिनिटं सुमनताई त्यांचं सांगायच्या. आम्हाला म्हणायच्या, आमच्या शेजारी राहतात."

एवढी वर्षं त्या गाढवाला सगळ्यात जास्त शिव्या मीच घातल्या होत्या. पण मला तरी कसं कळणार? माझ्याकडं घोडा नाही, टेम्पो आहे.

मी टोपी काढून हातात घेतली. "म्हणजे चहावाली पण तिनंच रचलेली. मग शेवट तिच्याबरोबरच गेला म्हणायचा." आणि निघायला वळलो.

"बसा, भाऊ," पुष्पाताई म्हणाल्या. "मी दवाखान्यात गेले होते तेव्हा ती मला म्हणाली, पुष्पा, मोठी चूक झाली बघ. त्या बाईला मी खिंडीपलीकडं पाठवून ठेवलंय, आणि इकडं यांना जेवण जात नाही. घरी गेले की पहिलं तिला परत आणते."

मी बसलो. चष्मा पुसला, परत लावला, परत पुसला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला कुठं जायची घाई वाटत नव्हती.

"परत येते म्हणजे," मी म्हणालो. "पण कशाला येते? तो तर काय सुधारलेला नाय."

"मीही तेच विचारलं. तर सुमन म्हणाली, चार कोस चालून गेल्यावर त्या बाईला आठवतं, की हा बाबा चुलीवर दूध ठेवून खुशाल बाहेर निघून जातो. म्हणून येते."

सगळे हसले. मीही हसलो, अगदी पोटातून. आणि हसता हसताच उठून जिन्याकडं पळालो.

"काका, टोपी राहिली," देशमुख सर मागून ओरडले. "झालं काय?"

"दूध," मी अर्ध्या जिन्यातून सांगितलं. "तीनला ठेवलंय."