गेरू-चुन्याचा कडुलिंब

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि साताऱ्यातली आमची गल्ली माझ्या तावडीत सापडली. कचरा, वाकड्या लावलेल्या गाड्या, मला काही खपायचं नाही. घरासमोरच्या कडुलिंबाखाली एक मावशी भाजी विकायला बसायच्या. जवळच्या खेड्यातून सकाळच्या एसटीनं यायच्या. भाजीवर शिंपडून उरलेलं पाणी त्या रोज झाडाच्या आळ्यात ओतत. तो चिखल मला बघवत नव्हता.

शेवटी शेजाऱ्यांच्या मागे लागून गल्लीत सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतले, थेट बुंध्याला भिडवून. फटी सिमेंटनं बुजवल्या. मग छावणीतल्या रिवाजानं बुंध्यावर स्वतः गेरू-चुन्याचे पट्टे मारले आणि लांब उभा राहून कौतुकानं बघितले.

"आवं फौजी, त्याला पाणी प्याया जागा तरी ठेवा की," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही तुमची भाजी बघा," मी खेकसलो.

दोन उन्हाळ्यांत झाड वाळलं. कीड लागली, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते माहीत असून सांगितलं. झाड तोडल्यावर ब्लॉक असे तापू लागले की संध्याकाळीही दारात खुर्ची टाकवेना. मी गच्चीला पांढरा रंग देऊन घेतला, माझं घर गार झालं. मावशी मात्र त्याच जागी डोक्यावर पदर ओढून बसत राहिल्या.

यंदा एप्रिलमध्ये त्या भोवळ येऊन कलंडल्या. शेजाऱ्याच्या मदतीनं त्यांना आमच्या घरात निजवलं, पाणी पाजलं. डोळे उघडून म्हणाल्या, "आमच्या गावात एवढं तापत न्हाई. एसटीतनं उतरलं की हितं नुसती भट्टी." मग छताकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या घरात लय गार हाय."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला मान वर करता येईना.

"कीड नव्हती, मावशी. झाड मी मारलं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहार घेऊन मी ब्लॉक उखडले, आळं केलं, कडुलिंबाचं रोप लावलं. मावशी चार दिवसांनी आल्या. आमच्या ओसरीत बसा म्हटलं, तर "तितनं गिऱ्हाइकाला भाजी दिसत न्हाई" म्हणाल्या.

रोपाची सावली जेमतेम सुपाएवढी पडते. मावशींनी तिच्यात कोथिंबिरीच्या जुड्या सरकवल्या आणि स्वतः उन्हात बसल्या.