राजाची नक्कल

विश्राम मास्तरांची आणि माझी पहिली ओळख एका बंद पडलेल्या एसटीमुळे झाली. बावीस वर्षांपूर्वी मी सांगलीहून कोकण पाहायला आले होते. पूर्णगडचा किल्ला पाहून देवरूखला मुक्कामाला निघाले, तर देवरूख तीन-चार मैलांवर राहिलेले असताना गाडीने चढावर मान टाकली. कंडक्टर म्हणाले, "दुसरी गाडी येईपर्यंत खालच्या वाडीत जाऊन बसा. आज पूजा आहे, नाटक आहे. तेवढाच वेळ जाईल." दिवेलागणीला मी त्या मांडवात जाऊन बसले.

पुण्या-सांगलीच्या नाट्यगृहांत मी बरीच नाटके पाहिली होती आणि त्याचा थोडा तोराही होता. शंभर वर्षांपूर्वीचे संगीत नाटक, तेही गावकऱ्यांनी बसवलेले, म्हणजे जरा हसून घ्यावे अशा बेतानेच मी बसले होते. पहिल्या अंकात हसलेही. द्वारपालाची मिशी बोलता बोलता सुटली, तेव्हा त्याने ती कमरेला खोचली आणि पुढचे वाक्य घेतले.

तिसऱ्या अंकात राजा आला. दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडलेला आणि बारा वर्षांनी वाटसरू होऊन आपल्याच वाड्याच्या दारात पाणी मागणारा. पाणी घेऊन येते ती त्याची मुलगी, आणि तिला ओळख द्यायची नाही अशी त्याला शपथ आहे. राजा झालेल्या मास्तरांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सावकाश पाणी पिऊन तिच्या घरच्यांची खुशाली विचारली. माझे वडील जाऊन वर्ष झाले होते. तोवर मला रडू आले नव्हते. त्या मांडवात, अनोळखी बायकांमध्ये बसून मी हुंदके देऊन रडले. गाडी आल्याचे सांगायला आलेले कंडक्टरही तिथेच उभे राहिले, आणि नाटक संपेपर्यंत गाडी थांबली.

राजाने ती खुशाली कोणत्या शब्दांत विचारली, ते मला आज आठवत नाही. मास्तरांच्या गौरव अंकासाठीचा माझा हा सगळा लेख त्या न आठवण्याबद्दल आहे.

दोन वर्षांनी देवरूखच्या महाविद्यालयात मराठी शिकवण्याची जागा निघाली. अर्ज भरताना माझ्या मनात तो राजा होता, हे मुलाखतीत मी अर्थातच सांगितले नाही. इथे आल्यावर कळले की राजाचे बाजारात शिलाईचे दुकान आहे आणि सगळा तालुका त्यांना मास्तर म्हणतो, कपड्यांचेही आणि तालमीचेही. मी त्यांच्या तालमींना जाऊन बसू लागले. तिथे पहिल्याच महिन्यात त्यांनी मला, प्राध्यापिकेला, बोलायला शिकवले. "बाई, मधलं येक येळ गडबडलं तरी चालंल. शेवटचे दोन शबुद साफ पायजेत. ते आपले नसतात, समोरच्याचे असतात. त्यावर तो उभा ऱ्हातो." त्यानंतर मी वर्गातही वाक्य अर्धवट गिळले नाही.

त्यांच्या स्वभावाविषयी एकच सांगते. माझी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिला कपडे घालणे म्हणजे दोघींच्याही जिवाला घोर असे. मास्तर एकदा भेटायला आले, दारातूनच तिच्याकडे पाहून हात जोडले आणि गेले. तिसऱ्या दिवशी मागून नाड्या बांधायचे चार मऊ गाऊन घरी आले. माप त्यांनी विचारले नव्हते, आणि चारही गाऊन अंगाला बरोबर बसले.

आता नाटकाकडे येते. या मंडळींकडे छापील पुस्तक नव्हते. ते फार पूर्वीच वाळवीने खाल्ले. नाटकाचे मूळ नावही कुणाला सांगता येत नाही, सगळे त्याला "राजाचं नाटक" म्हणतात. मी ग्रंथालये पालथी घातली, पण ते कुठे मिळाले नाही. प्रत्येक नटाकडे असते ती फक्त त्याची नक्कल, म्हणजे वहीत उतरवलेली त्याची स्वतःची वाक्ये. त्यांच्या आधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द लिहिलेले असतात. ते कानावर आले की आपण बोलायचे. आणि या वाडीची एक रीत अशी की राजाची नक्कल कागदावर उतरवायची नाही. जुन्या राजाने नव्या राजाला देवळात समोर बसवून ती तोंडानेच द्यायची. मास्तरांना ती त्यांच्या मामांकडून मिळाली होती. त्यांच्याकडून ती मुंबईला कारखान्यात असलेल्या पुतण्याकडे जायची होती. ती अशी तोंडाने द्यायला दोन महिने लागत, आणि पुतण्याला शिमग्याला चार दिवसांची सुट्टी मिळे. "रिटायर झालो की बसतो, काका," असे तो दर वर्षी म्हणे.

मी त्याला दोष देत नाही. त्याला सुट्टी नव्हती. मला होती.

पाच वर्षांपूर्वी, श्रावणात, मास्तर माझ्या घरी आले. खुर्चीत न बसता उभ्यानेच म्हणाले, "बाई, रीत मोडतंय मी. मामा वरून शिव्या घालतील. पन लिवून घ्या." आयुष्यभर पाळलेली रीत मोडायला हा माणूस माझ्या दारात आला होता, आणि माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. मी म्हणाले, "मास्तर, दिवाळीच्या सुट्टीत निवांत बसू." ते "बरं" म्हणाले. जाताना त्यांनी अंगणात पडलेली माझी रांगोळीची डबी उचलून कट्ट्यावर ठेवली. भाद्रपदात त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय पुढे सावरले. वाचा गेली ती परत आली नाही. त्यांना सगळे समजते, ऐकू येते, फक्त शब्द निघत नाही, तोंडातूनही नाही आणि लेखणीतूनही नाही.

मोबाईलवर कुणीतरी घेतलेच असेल, असे सगळे म्हणाले. घेतले होते, लढाईचे आणि विदूषकाचे. राजा बोलायला लागला की लोक मोबाईल खाली ठेवून ऐकत असत.

गेल्या माघात मी वाडीतून आणि मुंबईतून फिरून इतर नटांच्या सात नकला गोळा केल्या. त्यांत राजाच्या बोलण्यांची शेपटे तेवढी सापडली: "ठेवून जातो", "कुणाचे नव्हे", "उन्हातच बरा". मधले कुणालाच सांगता येईना. द्वारपाल झालेले गृहस्थ खजील होऊन म्हणाले, "आमी आपल्या दोन शबदांची वाट बगत ऱ्हायलाव, बाई. बाकीचं कानावरून गेलं." काकींना, म्हणजे मास्तरांच्या पत्नींना, विचारले. पन्नास वर्षे त्या नाटकाशी संसार केलेल्या काकी म्हणाल्या, "तिसरा अंक मी कदी बगितलाच नाय. चाळीस मानसांचा चा कोन करनार व्हतं?"

मग त्यांच्या पडवीत बसून मी ती शेपटे एकेक करून मास्तरांना वाचून दाखवली. वाटले, एखादा धागा सुटेल. "उन्हातच बरा" म्हटल्यावर त्यांची पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली. तो राजाच होता. तोंड उघडले आणि नुसता श्वास बाहेर आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, मिटली आणि भिंतीकडे तोंड केले. काकी म्हणाल्या, "फुरं करा आता. रोज दुपारी खाटेवर बसून ते ओठ हलवतात. आख्खा राजा म्हनतात, मना कळतं. पन आयकायला काय येतं?"

गौरव समितीने मला आनंदाचे लिहायला सांगितले होते. मला ते जमलेले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. रत्नागिरीच्या सभागृहात मास्तरांना शाल आणि श्रीफळ द्यायला आम्ही सगळे वेळेवर हजर राहणार आहोत. राजाची नक्कल घ्यायला मात्र आमच्यापैकी कुणी वेळेवर बसले नाही. भाषणे होतील, मास्तरांनी नाटक जिवंत ठेवले असे आम्ही म्हणू, आणि ते समोर बसून ऐकतील. त्यांना प्रत्युत्तर देता येणार नाही, याचा आमच्यापैकी काहींना आधारच वाटेल. मला तरी वाटेल.

शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. बोलू न शकणाऱ्या माणसाला आणखी वर्षे मागणे हे प्रेम की छळ, याचा मी फार विचार केला. तरीही मागते, आणि ते स्वार्थाने मागते हे कबूल करते. मास्तर, आमच्याकडे आहेत ती नुसती शेपटे. ते नाटक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आता जगात एकाच ठिकाणी आहे. तुम्ही गेलात तर ते माझ्यामुळे गेले, हे मला उरलेला जन्म पुरेल. म्हणून जगा, मास्तर. तब्येतीला जपा, औषधे चुकवू नका, शंभरी गाठा. आणि रोज दुपारी ओठ हलवत राहा.