शुभ सकाळ, स्वहस्ते

निवृत्त माणसाला लोक दोनच गोष्टी सुचवतात: फिरायला जा, आणि नामस्मरण करा. मी दोन्ही करून पाहिलं. फिरायला गेलं की इतर निवृत्त भेटायचे आणि आपापली साखर किती वाढली ते सांगायचे. नामस्मरणात मला झोप लागायची. मग मुलाने पुण्याहून एक टॅब आणून दिला, सोबत पेनासारखी एक कांडी, आणि म्हणाला, "बाबा, यावर चित्रं काढा." चार दिवस खेळतील आणि ठेवून देतील, असा त्याचा अंदाज असावा. बाप त्याला नीट कळलेला नाही.

उभी नोकरी मी दीपनगरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये काटे बघण्यात घातली. काटा हलला की बोंबाबोंब, आणि नाही हलला तर तुम्ही तिथे आहात हेही कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे तासन्‌तास एकाच जागी बघत बसायची सवय होती. आता जळगावच्या घरात मी तसाच बघत बसू लागलो, फक्त हातात फोन आला. कूलरवर बसून पाणी पिणारा कावळा, उन्हासमोर धरलेलं कपाशीचं बोंड, बसस्टँडच्या डबक्यात उलटी दिसणारी धुळ्याची गाडी. यावलकडे एका लग्नाला गेलो, तर मांडव सोडून शेजारच्या बागेत केळफुलाखाली उताणा पडलो. मंगलाष्टकं संपली तेव्हा माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर केळीचा चीक होता आणि बायकोच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इथे लिहीत नाही. सदऱ्याचा डाग अजून गेलेला नाही.

फोटो काढणं हे निम्मंच काम. तो टॅबवर घ्यायचा, त्यावर थरावर थर चढवायचे, सावल्या कांडीने पुन्हा रंगवायच्या, नको ती विजेची तार पुसायची. हो, वीजवाल्यानेच विजेच्या तारा पुसायच्या. मग खाली सोनेरी रंगात, स्वतःच्या हाताने, "शुभ सकाळ". तयार अक्षरं मी वापरत नाही. कोपऱ्यात बारीक "नाना". एवढं करून रोज चहाच्या आधी ते चित्र घराण्याच्या ग्रुपवर टाकायचं.

या ग्रुपवर रोज सकाळी देशभरातले गुलाब उतरतात. दवाने ओथंबलेले गुलाब, बदामाच्या आकाराची वाफ सोडणारे चहाचे कप, आणि आयुष्य कसं जगावं याबद्दल, स्वतःचं आयुष्य धड न जगलेल्या माणसांनी पाठवलेले सल्ले. त्या गर्दीत माझं अस्सल, घरी केलेलं चित्र उठून दिसेल असं मला वाटायचं. प्रतिसाद मात्र ठरलेले. काही जोडलेले हात, एखादा अंगठा, एक "छान नाना". ही "छान नाना" माझी भाची. तिचं "छान" चित्र उघडायच्या आधीच येऊन पडतं. मुलाचा अंगठा येतो, तो बहुतेक सिग्नलला उभा असताना. बायकोचे जोडलेले हात स्वयंपाकघरातून येतात, तेही मी पाच पावलांवर ओसरीत बसलेलो असताना. चाळीसगावजवळच्या खेड्यातली, अजून अहिराणीच बोलणारी माझी थोरली बहीण, अक्का, तीही ग्रुपवर आहे. सुनेने जुना झालेला फोन तिला दिलाय. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तिच्याकडून काहीच येत नाही. तिला मी प्रेक्षकांत धरलंच नव्हतं.

मला कौतुक नको होतं. खोटं कशाला बोलू, हवं होतं. पण त्याहून जास्त हे हवं होतं की कोणीतरी माझं एक चित्र नीट, थांबून बघावं. "नाना, कावळ्याच्या चोचीतून पडणारा थेंब तुम्ही काढलात की फोटोतच होता?" असं एकाने जरी विचारलं असतं तरी मी वर्षभर खूश राहिलो असतो.

विचारलं कोणीच नाही. उलट एका सकाळी धुळ्याच्या साडूने ग्रुपवर एक चित्र टाकलं. साडू बँकेतून निवृत्त झालाय आणि रोज लुकलुकणारे देव पाठवतो. त्या दिवशी देव नव्हता. उन्हातलं कपाशीचं बोंड होतं. माझं बोंड! आदल्या आठवड्यात मी टाकलेलं, कोणाकोणाच्या फोनमधून हिंडून आलेलं, कोपऱ्यातलं "नाना" कापलेलं, आणि त्या जागी कसलातरी झगमगता गणपती चिकटवलेला. खाली वाहवा सुरू झाली. भाची म्हणाली, "अप्रतिम काका!" माझ्या बायकोने, रोज मला नुसते हात जोडणाऱ्या बाईने, त्याला टाळ्या दिल्या. टाळ्या! एकालाही आठवलं नाही की हेच बोंड आपण गेल्याच आठवड्यात पाहिलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. एक दिवस मुद्दाम गाय उलटी टाकली, चारी पाय आभाळात. "छान नाना." अंगठा. हात. साडूने तर लिहिलं, "प्रसन्न सकाळ."

तेव्हा मी एक गोष्ट केली. पेन्शनच्या कामासाठी काढलेला माझा फोटो होता, आधीच अर्धमेला दिसणारा. तो टॅबवर घेतला, काळी चौकट काढली आणि हार रंगवायला बसलो. झेंडूचा हार. दोन दिवस गेले त्यात. प्रत्येक पाकळी वेगळी, कडेच्या पाकळ्या किंचित सुकलेल्या, मध्ये शेवंतीचा गोंडा. कपाळावर कुंकू लावलं, खाली दोन उदबत्त्या लावल्या आणि त्यांचा धूर असा काही सोडला की माझं मलाच भरून आलं. आजवरचं सगळ्यात चांगलं काम ते. रोज जिथे "शुभ सकाळ" असतं तिथे, त्याच सोनेरी अक्षरांत, लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली". चहाच्या आधी टाकून दिलं आणि ओसरीत पाय पसरून बसलो.

पहिलं आलं, "छान नाना." मग अंगठा. एका पुतण्याने गुलाब दिला. साडूने लिहिलं, "सुंदर विचार." स्वयंपाकघरातून फोडणीचा चर्र आवाज आला, आणि पाठोपाठ माझ्या फोनवर दोन जोडलेले हात. स्वतः विधवा झाल्याला त्या बाईने नमस्कार केला आणि मिरच्या परतायला घेतल्या. मी आत जाऊन काही बोललो नाही. मला खरं म्हणजे फार मजा वाटत होती. आता रात्री जेवताना बायकोच्या ताटावर फोन धरायचा आणि मग एकेकाची लाज काढायची, असा बेत होता. साडूला तर फोनवर अर्धा तास झाडणार होतो.

दुपारी मी फाटकालगतच्या लिंबाच्या झाडाखाली उकिडवा बसून मधमाशीचा फोटो घेत होतो. गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. मयताला येणाऱ्या बायका कोपऱ्यावरूनच सूर धरतात, तसा. कोणाकडे काय झालं म्हणून शेजारपाजारचे बाहेर आले. मीही उठून फाटकात आलो. रिक्षातून उतरून, पदर तोंडात धरून, अनवाणी, अक्का येत होती.

"मना भाऊ वं! मना भाऊ कोठे गया वं माय!"

भाऊ फाटकात उभा होता, हातात फोन घेऊन. ती माझ्या पुढ्यात येऊन थांबली. रडणं एकदम तुटलं. तिने माझ्या दंडाला हात लावून पाहिला.

"तू जित्ता शे?"

"शे ना, अक्का."

"मंग तो हार कोनी घाला?"

"मी."

"सोताले?"

"गंमत व्हती, अक्का."

तिने पाठीत असा काही गुद्दा घातला की फोन लिंबाच्या आळ्यात पडला. मग दुसरा घातला. शेजारी हसू लागले, आणि ती माझ्या सदऱ्यात तोंड खुपसून पुन्हा रडू लागली. आता खरं रडत होती.

आत आल्यावर बायको तिला म्हणाली, "अहो अक्का, एक फोन तरी करायचा." बायकोचा चेहरा पडलेला होता, तिने तोवर, आपण नमस्कार कशाला केला ते चित्र उघडून पाहिलं होतं.

"मरेल मानूसले फोन करतस का?" अक्का म्हणाली. "आते लगीन बी फोनवर येस, पोऱ्या व्हयना ते बी फोनवर येस. माले वाटनं, मयत बी तशीच उनी."

चुलीवर ठेवलेलं तसंच टाकून ती गाडीत बसली होती. बायकोने पाणी पुढे केलं, तिने पेला हातात घेतला नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातलेला, तो पुसल्याशिवाय या घरचं पाणी नाही. मी ग्रुपवरून चित्र काढून टाकलं. टॅबवरूनही काढलं, तो गोंडा, त्या पाकळ्या, सगळं. मग तिथूनही पुसायला तिचा फोन हातात घेतला. तो इतका भरलेला होता की हलेचना. माझी सगळी चित्रं त्यात होती. सून म्हणते पुसा, आणि ही पुसू देत नाही.

मी काहीशा ऐटीतच विचारलं, "अक्का, तू देखस का हाई बठ्ठं, एकूनएक चित्र?"

"देखस ना. रोज देखस. बोटघाई मोठं करी करीसन देखस."

"काय देखस?"

"तू कोठे दिसस का म्हनीसन. फुलं धाडस, कावया धाडस, केयफूल धाडस. मी म्हनस, मांगे कोठे तरी व्हई मना भाऊ. एक बी चित्रमा तू नही." तिने माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं. "आज पहिल्यांदा दिसना, ते हार घालीसन."

बायको उठून आत गेली. कावळ्याच्या थेंबाचं मला कोणी विचारलं नव्हतं, आणि हिनेही विचारलं नाही. तरी या चित्रांसमोर तिच्याइतका वेळ कोणी घालवला नव्हता.

पाणी प्यायल्यावर तिने हुकूम सोडला, आत्ताच्या आत्ता तोंडाचा फोटो काढ आणि माझ्या फोनवर टाक. दाढी वाढलेली, सदरा तिच्या आसवांनी ओला. मी सवयीने उजेड बघून खिडकीकडे सरकलो, मान जराशी तिरपी केली. ती म्हणाली, चाळे नको करू. मी फोन समोर धरला, बटण दाबलं आणि जसाच्या तसा तिला पाठवला. थर नाही, अक्षर नाही, कोपऱ्यात नावही नाही.

तिने फोन डोळ्यांजवळ धरला. समोर मी बसलेला असताना ती त्या फोटोतच बघत होती, दोन बोटांनी मोठं करून, कपाळ, नाक, हनुवटी, एकेक जागा थांबून थांबून. आणि माझं चित्र कोणीतरी असं बघताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. तिचा निकाल ऐकायला मी पुढे वाकलो.

"डोया मिटेल शेतस," अक्का म्हणाली, फोटोतल्या माझ्या डोळ्यांवर बोट ठेवलं आणि फोन माझ्याकडे सरकवला. "परत काढ."